रानहंसांचा सखा : पीटर स्कॉट

पीटर स्कॉट यांचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडन येथे झाला. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेले कॅप्टन रॉबर्ट स्कॉट हे त्यांचे वडील. १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना बर्फाळ प्रदेशात वडिलांचा अंत झाला, तेव्हा पीटर अवघे अडीच वर्षांचे होते. मृत्यू समोर दिसत असताना पत्नीला लिहिलेल्या पत्रात वडिलांनी एक इच्छा व्यक्त केली होती. मुलाला निसर्गाची गोडी लागावी, ही ती इच्छा. आई कॅथलीन या शिल्पकार होत्या. त्यांनी ती मनावर घेतली.

केंब्रिज येथे शिकत असताना पीटर यांना रानहंसांचा छंद जडला. पण तो शिकाऱ्याचा छंद होता. पहाटेच्या काळोखात, कडाक्याच्या थंडीत ते समुद्रकाठच्या दलदलीत दबा धरून बसत. हंस कोणत्या शेतात चरतात, केव्हा उडतात, हे सारे त्यांना ठाऊक झाले. १९३३ पासून ते एका जुन्या दीपगृहात राहून हंसांची चित्रे रंगवू लागले. चित्रासाठी पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण करावे लागे. हे निरीक्षण जसजसे वाढत गेले, तसतशा जखमी पक्ष्यांच्या यातना त्यांना बोचू लागल्या. पुढे त्यांनी शिकार कायमची सोडली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा केली. युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये ते सेव्हर्न नदीच्या मुखाजवळील स्लिमब्रिज या गावी गेले. शरद ऋतूच्या अखेरीस रशियाच्या उत्तर भागातून आलेले पांढऱ्या कपाळाचे रानहंस तेथील कुरणांत चरत होते. त्या मोठ्या थव्यात पीटर यांच्या नजरेने एक वेगळा पक्षी टिपला. तो आकाराने थोडा लहान होता. त्याची चोच आखूड होती, कपाळावरील पांढरा पट्टा डोक्यापर्यंत चढला होता आणि डोळ्याभोवती पिवळे कडे होते. ही दुसरीच जात होती आणि ब्रिटनमध्ये ती क्वचितच आढळत असे. इतरांना सारे हंस एकसारखे दिसले असते. पीटर यांना मात्र येथे किती पाहण्यासारखे आहे, हे कळले. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, त्यांनी तेथे पाणपक्ष्यांच्या अभ्यासासाठी व संरक्षणासाठी संस्था स्थापन केली.

हवाई बेटांवरील नेने नावाचे हंस त्या काळी जेमतेम तीसच्या आसपास उरले होते. १९५० मध्ये नर-मादी समजून दोन नेने स्लिमब्रिजला आणण्यात आले. पुढे दोघांनीही अंडी घातली, तेव्हा दोन्ही माद्या असल्याचे उघड झाले! मग हवाईहून तातडीने एक नर मागवण्यात आला. या तीन पक्ष्यांपासून मोठा कळप वाढला. १९६२ पासून त्यांतील काही पक्षी पुन्हा हवाईत सोडण्यात आले. हवाईतही त्यांची पैदास सुरू होतीच. या दोन्ही प्रयत्नांमुळे ही जात वाचली. २०१९ मध्ये अमेरिकेने नेनेला अधिक गंभीर धोक्यातील प्राण्यांच्या वर्गातून खालच्या वर्गात आणले.

१९६४ पासून पीटर यांनी स्लिमब्रिजला येणाऱ्या बेविक राजहंसांच्या चोचींवरील काळ्या-पिवळ्या खुणांची चित्रे काढली. प्रत्येकाची खूण निराळी असल्यामुळे एकेक पक्षी ओळखता येऊ लागला. त्यांना नावेही देण्यात आली. दरवर्षी कोण परतले आणि कोण परतले नाही, हे आता कळू लागले.

१९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या स्थापनेत पीटर यांचा सहभाग होता. या संस्थेचे पांडाचे बोधचिन्हही त्यांनीच रेखाटले. १९७३ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. २९ ऑगस्ट १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. एकेकाळी ज्या नजरेने ते नेम धरत, त्याच नजरेने त्यांनी पुढे एकेका पक्ष्याची ओळख पटवली. आणि ज्याची ओळख पटली, त्याला जपणे त्यांनी आपले कर्तव्य मानले.