अनाथोथचे शेत

तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी यहुदी नववर्षाचा आरंभ होतो. आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधव ज्याला 'नव्याचा सण' म्हणत आले, तो हाच. या पर्वाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात यिर्मया संदेष्ट्याच्या एकतिसाव्या अध्यायातील भाग वाचण्याचा प्रघात आहे. लेकरांसाठी आक्रोश करणाऱ्या मातेला ती परत येतील असा धीर त्यात दिला आहे. तो धीर देणाऱ्याचे स्वतःचे जीवन कसे गेले, याचे आज आपण स्मरण करू.

यरुशलेमच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर असलेल्या अनाथोथ या गावी एका याजककुळात यिर्मयाचा जन्म झाला. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, त्याला ईश्वरी पाचारण झाले. आपण वयाने लहान आहोत, बोलणे आपल्याला साधत नाही, असे त्याने विनविले. परंतु सुटका झाली नाही. अनाथ, विधवा व परके यांना नाडणाऱ्या राष्ट्राला मंदिराच्या भिंती तारणार नाहीत, हे त्याने मंदिराच्याच दारात उभे राहून सांगितले. त्यामुळे स्वकीयही उलटले. अनाथोथच्याच लोकांनी त्याच्या प्राणघाताचा कट रचला. ईश्वरी आज्ञेनुसार त्याने विवाहही केला नाही.

त्याची वचने बारूख या लेखकाने गुंडाळीवर लिहून काढली, तेव्हा यहोयाकीम राजाने ती शेगडीपुढे बसून चाकूने कापली आणि विस्तवात टाकली. यिर्मयाने ती पुन्हा लिहवून घेतली व तीत आणखी भर घातली. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या बंदिवानांना त्याने पत्र धाडले. तेथे घरे बांधा, बागा लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षांनी देव तुम्हांला परत आणील, असा त्याचा आशय होता.

पुढे नबुखद्नेस्सराने यरुशलेमला वेढा घातला. शरण जाण्याचा सल्ला देणाऱ्या यिर्मयाला सरदारांनी चिखलाच्या हौदात सोडले. एबद-मलेख या कूशी सेवकाने दोर व जुनी फडकी सोडून त्याला वर काढले. याच वेढ्याच्या काळात तो पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत असता त्याचा चुलतभाऊ हनमेल आला आणि अनाथोथचे आपले शेत विकत घे म्हणाला. भोवती शत्रूची छावणी, आणि घेणारा कैदी! तरीही यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखताच्या दोन्ही प्रती, एक मोहोरबंद व एक उघडी, मातीच्या भांड्यात जपून ठेवविल्या. या भूमीत पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे घेतले जातील, याची ती खूण होती. व्यवहार उरकल्यावर मात्र त्याचेच मन गोंधळले. नगर शत्रूच्या हाती जात असता ही खरेदी कशासाठी, हे त्याने प्रार्थनेत देवालाच विचारले.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास नगर पडले, मंदिर जळाले. मागे राहिलेल्यांचा अधिपती गदल्या याच्याजवळ यिर्मया राहिला; पण त्याचाही खून झाला. नववर्षाच्या सणालगत पाळला जाणारा गदल्याचा उपवास हे त्याचेच स्मरण. मग भयभीत लोकांनी यिर्मयाला मिसरात नेले. त्याच्या अखेरीविषयी शास्त्र मौन आहे. ते शेत त्याने कधी नांगरले नाही.

इ. स. पू. ५३९ मध्ये बाबेल कोरेशाच्या हाती आले आणि बंदिवानांना परतीची वाट मोकळी झाली. एज्राच्या ग्रंथात परतलेल्यांची गणती आहे. तीत अनाथोथची माणसे १२८ आहेत. ज्या गावाने त्याचा जीव घेऊ पाहिला, त्याच गावच्या मातीसाठी त्याने रुपे मोजले होते, आणि त्याच गावाला देवाने आपली माणसे परत दिली. माणसाने वचन मोडले तरी देव ते मोडीत नाही, ही यिर्मयाची श्रद्धा होती. नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आपण तिचेच चिंतन करू या.