कांट यांची चिठ्ठी

जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट १७२४ साली कोनिग्सबर्ग गावी जन्मले. मानवी बुद्धीची झेप कुठवर, हे तपासणारा त्यांचा महाग्रंथ १७८१ साली आला. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयात माणूस पेन्शनचा हिशेब मांडतो.

पहाटे पाचला लांपे हा नोकर त्यांना उठवी. पुढचा दिवस घड्याळाबरहुकूम. बँकेत मुदती चुकू नयेत म्हणून मी डायरी ठेवत असे. कांट यांची डायरी म्हणजे हा नेम आणि लांपे.

घडलेले आठवणे वेगळे आणि करायचे आठवणे वेगळे. उतारवयात शब्दसंपदा बराच काळ टिकते. पण कुणी खूण न करता ठरल्या वेळी ठरलेले काम आठवणे जड जाते. तरीही नेम आणि नोंद यांच्या आधाराने वृद्ध माणसे पुष्कळदा तरुणांइतकीच वेळ पाळतात.

कांट यांचे दुखणे मात्र याच्या पलीकडे गेले. तीच गोष्ट पुन्हा सांगू नये म्हणून ते कपट्यांवर टिपणे करीत. स्नेही वासियान्स्की यांनी मग त्यांना छोट्या वह्या करून दिल्या. १८०२ साली लांपेला काढावे लागले. चाळीसेक वर्षांची सवय; नव्या नोकरालाही ते लांपेच म्हणत. अखेर त्यांनी लिहून ठेवले, की लांपे हे नाव आता साफ विसरायचे.

विसरण्याचीही आठवण ठेवावी लागली! १८०४ साली ते गेले. त्या चिठ्ठीला हसू येते खरे. पण आपल्या आजोबांच्या खिशातल्या चिठ्ठ्यांना हसू नये. ती त्यांची शेवटपर्यंत चाललेली झुंज असते.