शाळेला शेत मागणारे जोतिराव

शेतकरी बंधूंनो, आपल्या जिल्हा परिषद शाळेतला बालबाजार तुम्ही पाहिला असेलच. तिसरी-चौथीची पोरं मेथीच्या जुड्या, भरिताची वांगी, चिंचा मांडून बसतात आणि ओरडून गिऱ्हाईक बोलावतात. आपण कौतुकानं जुडी घेतो अन् घरी येतो. पण ती जुडी केवढ्याला पडली आणि हाती काय उरलं, हे त्या पोराला कुणी विचारतं का? असा हिशेब आणि शेतीचं ज्ञान गावच्या शाळेतच मिळालं पाहिजे, असं इंग्रज सरकारला लेखी कळवणारा माणूस १८८२ सालीच होऊन गेला. महात्मा जोतिराव फुले!

मुलींची शाळा, सावित्रीबाई, सत्यशोधक समाज हे आपण दर जयंतीला ऐकतो. उद्योगी जोतिराव मात्र मागे राहतात. १८२७ सालचा जन्म, घर फुलमाळ्याचं. मधे शाळा सुटली तेव्हा ते वडिलांबरोबर बागेत राबले. पुढे त्यांनी ओतकामाच्या साहित्याचा व्यापार केला, बांधकामाचे ठेके घेतले. खडकवासल्याच्या धरणाच्या कामातही ते होते. मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेती केली. ठेकेदारीत इंजिनिअर खात्यातली खाबूगिरी जवळून दिसली, तिच्यावर लिहायलाही ते कचरले नाहीत. मुलांना हातचा धंदा यावा म्हणून शाळेला उद्योगाचा विभाग जोडावा, हे तर ते शाळा काढल्या त्या सुरुवातीच्या दिवसांपासून सांगत होते.

१८८२ साली हंटरसाहेबांचं शिक्षण कमिशन आलं. त्याला दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली. समाजसुधारक वगैरे काही नाही, बरं का. मागण्याही तशाच रोकड्या. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, आरोग्य आणि शेतीचे धडे द्या. शेती नुसती पुस्तकातून नको, शाळेजवळ लहानसं नमुन्याचं शेत ठेवा. मास्तर शेतकरी वर्गातला हवा, वेळ पडली तर नांगर धरणारा, नाहीतर सुताराची तासणी चालवणारा. त्याला पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको.

ग्रामसेवक अन् तलाठी भाऊसाहेबांनी पुढचं जरूर वाचावं. गावात मास्तरचं वजन वाढावं म्हणून गावचे हिशेब तपासायचं, पोस्टाचं, स्टँपविक्रीचं काम त्याला द्यावं, असंही जोतिरावांनी सुचवलं होतं. पैसा कुठून आणायचा? शेतसाऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी वसूल होई. ती आपला खानदेशातला शेतकरीही भरत होता. तिच्यातला निम्मा पैसा प्राथमिक शिक्षणालाच द्या, असा त्यांचा आग्रह होता. भरायचं कुणब्यानं आणि शिकायचं दुसऱ्याच्या पोरानं, हे त्यांना सलत होतं.

सक्तीची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. १८८८ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. डाव्या हातानं लिहीत राहिले. ठेक्यांत कमावलेलं सारं खर्चून गेलेलं, घरात ओढाताण. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून धंद्यांची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस आले आहेत. जोतिराव मागत होते ते मात्र पहिलीपासूनच्या शाळेसाठी. येत्या ग्रामसभेत शाळेमागच्या पडीक गुंठ्यांचा विषय कोण काढतो, बघा.