कार्ल पिअर्सन आणि त्यांची काई-स्क्वेअर चाचणी



संभाव्यतेचा धडा घेताना आपण सांगतो, नाणे १०० वेळा उडवले तर साधारण ५० वेळा छापा येतो. मुले उडवून बघतात आणि येतात ४३! मग एखादा विचारतोच, की सर, नाणं खोटं आहे का? या प्रश्नाचे रीतसर उत्तर कार्ल पिअर्सन यांनी दिले.

पिअर्सन यांचा जन्म २७ मार्च १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. केंब्रिजला गणित शिकून १८८४ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. नुसत्या सूत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी नाणे २४,००० वेळा उडवले, छापा आला १२,०१२ वेळा. त्यांचे मित्र, प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी तर १२ फासे २६,३०६ वेळा टाकले. एकूण ३,१५,६७२ फाशांपैकी ५ किंवा ६ पडले १,०६,६०२ वेळा. अपेक्षित होते १,०५,२२४.

हा फरक योगायोगाचा, की फासेच सदोष? १९०० मध्ये पिअर्सन यांनी यासाठी चाचणी मांडली. आलेल्या संख्येतून अपेक्षित संख्या वजा करा, वर्ग करा, अपेक्षित संख्येने भागा. सर्व गटांची बेरीज घ्या. छापा-काटा असे दोनच गट असतील, तर नाणे खरे असूनही ३.८४ पेक्षा मोठी बेरीज १०० पैकी साधारण ५ वेळाच येते.

आता तुम्हीच करून बघा. पिअर्सन यांच्या नाण्याची बेरीज ०.०२४, म्हणजे नाण्यावर शंका घ्यायला जागा नाही. वेल्डन यांच्या फाशांची सुमारे २७! फासे सदोषच. ठिपक्यांसाठी कोरल्याने ५ आणि ६ च्या बाजू किंचित हलक्या होतात, हे त्याचे कारण मानले जाते.

पिअर्सन यांचेही चुकले. गटांच्या संख्येवरून बेरजेची मर्यादा कशी ठरवायची, यातली त्यांची चूक १९२२ मध्ये फिशर यांनी दाखवली. त्याहून गंभीर म्हणजे, ते माणसांत वंशावरून उच्च-नीच मानत. फाशांना लावलेली कसोटी त्यांनी स्वतःच्या या समजुतींना तितक्या कडकपणे लावली नाही. १९३६ मध्ये ते वारले. त्यांच्याच कॉलेजने २०२० मध्ये इमारतीवरून त्यांचे नाव काढले. मुलांना हेही जरूर सांगा.

आणि आपल्या वर्गातले ते ४३ छापे? बेरीज येते १.९६. नाणं खोटं म्हणायला एवढा पुरावा पुरत नाही. पण हे उत्तर तुम्ही देऊ नका, मुलांनाच काढू द्या.