गुरुदत्त यांचा शेवट

आपल्या खंडाळ्याच्या शेजारी, लोणावळ्यास, गुरुदत्तांची शेतवाडी होती. मुंबईचा जीव नकोसा झाला की ते तेथे येऊन राहत. त्यामुळे त्यांच्याविषयी इकडे बोलणे निघतेच, आणि निघाले की शेवटी त्यांच्या मरणापाशी येते.

त्यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगळूरला झाला. आडनाव पदुकोण. बालपण कलकत्त्यास गेले. अल्मोड्यास उदयशंकरांकडे नृत्य शिकले, काही दिवस एका कारखान्यात टेलिफोनवर बसले आणि १९४४ साली पुण्यास प्रभात कंपनीत आले. तेथे देव आनंदशी मैत्री जमली. पुढे त्यांच्याच 'बाजी'चे (१९५१) दिग्दर्शन गुरुदत्तांना मिळाले. 'प्यासा'ने (१९५७) मोठे नाव झाले. 'कागज के फूल' (१९५९) मात्र साफ पडला. त्यानंतर त्यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव कधी लावले नाही.

१९५३ साली गायिका गीता रॉय यांच्याशी विवाह झाला. तेव्हा नवऱ्यापेक्षा बायकोचेच नाव मोठे होते! तीन मुले झाली, पण संसार विस्कटला. पाली हिलचा बंगला गुरुदत्तांनी स्वतःच पाडून टाकला. १० ऑक्टोबर १९६४ रोजी सकाळी पेडर रोडवरच्या घरी ते मृत सापडले. वय ३९. तेथे ते एकटेच राहत होते.

आत्महत्या, असे पुष्कळजण म्हणतात. पूर्वी दोनदा तसा प्रयत्न झाला होता, तेव्हा हे म्हणणे उडवून लावता येत नाही. घरची माणसे मात्र अपघात मानीत. झोप येत नसे म्हणून ते गोळ्या घेत. त्या रात्री लेखक अब्रार अल्वी यांच्याबरोबर चित्रपटाच्या प्रसंगावर काम चालले होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या भेटीही ठरल्या होत्या. मद्य आणि झोपेची गोळी ही दोन्ही श्वास मंद करतात, आणि नशेत माणसाला गोळ्यांचा हिशेब राहत नाही. मला हेच अधिक पटते. पोटात काय गेले ते डॉक्टर सांगतील, मनात काय होते ते कोण सांगणार?

तिसरी गोष्ट मात्र मला मुळीच मान्य नाही. कोणी बायकोला दोष देतो, कोणी एका नटीला. पुरुष खचला की बाईकडे बोट दाखवायची ही आपली जुनी खोड आहे. गीताबाईंचे काय झाले, हे कितीजणी विचारतात? पतीमागे त्यांच्यावर कर्जाचा बोजा आला. रंगमंचावर गाऊन त्यांनी मुलांना वाढवायची धडपड केली. १९७१ च्या 'अनुभव'साठी त्या गायल्या, आणि २० जुलै १९७२ रोजी वारल्या. वय अवघे ४१, आणि धाकटी मुलगी अजून लहानच होती.