अंबाजोगाईचे शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ सर्वांस विदित आहेत. परंतु आपल्या बीड जिल्ह्याशी त्यांचा ऋणानुबंध जडला तो शिक्षक या नात्याने, हे नव्या पिढीच्या फारसे ध्यानी नसते. चरित्राची ती बाजू आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा त्यांना सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या आघाताने त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवा यांचे व्रत घेतले आणि सरकारी शाळा सोडली. या वयातील आवेग पुष्कळदा लवकर ओसरतो किंवा भलत्या वाटेस लागतो. येथे तसे झाले नाही. अमळनेरची राष्ट्रीय शाळा व पुण्याचे टिळक विद्यापीठ येथे त्यास अध्ययनाची शिस्त लाभली. पुढे कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करण्याचा योग आला.

जे वडीलधाऱ्यांकडून मिळाले, ते त्यांनी मुलांना दिले. १९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, पुढे संन्यास घेतला आणि १९३५ मध्ये मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालयात अध्यापन करू लागले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी सोबत होते. निजामी राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठी मुलास स्वतःच्या भाषेचाही संकोच वाटावा, अशी स्थिती होती. अशा मुलांस त्यांच्यावर विश्वास टाकणारा प्रौढ माणूस लाभणे, हीच मोठी विद्या होय. १९३८ मध्ये सत्याग्रहासाठी स्वामीजी कारागृहात गेले. त्यांच्या सहवासात वाढलेल्या अनेक तरुणांनी पुढे लढ्यात उडी घेतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी निवर्तले.

आज ऊसतोडीस आईबाप गेले की मुले मागे राहतात; कित्येक मुले शिकवणीसाठी परगावी खोली घेऊन एकटी असतात. शिष्यवृत्ती व वसतिगृह यांकरिता समाज वर्गणी देतो, ते योग्यच आहे; पण पैसा मुलाची विचारपूस करीत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने अशा एका मुलाचे वा मुलीचे पालकत्व मनाने स्वीकारावे, आठवड्यातून एकदा भेटावे, बोलावे, ऐकावे. ते मूल आपल्याच ज्ञातीचे असावे, असाही आग्रह नसावा. स्वामीजींचे कार्य कोणत्याही एका ज्ञातीपुरते नव्हते. त्यांच्या स्मृतीस हेच खरे अभिवादन ठरेल, असे आम्हांस वाटते.