पुण्याचा विल्सन आणि आपला वाकडा क्यू

कॉलेज सुटल्यावर चंद्रपुरातल्या एखाद्या पूल पार्लरमध्ये घुसलं की पहिलं काम ठरलेलं. रॅकमधून क्यू काढायचा, टेबलाच्या कापडावर आडवा ठेवायचा आणि हलकेच गडगडवायचा. सरळ असेल तर गुपचूप जातो, वाकडा असेल तर टोक वरखाली नाचतं. आमच्या नेहमीच्या ठिकाणी पाचातले तीन नाचतात. टिप चपटी झालेली, खडूच्या चौकोनाला मधोमध खड्डा पडलेला, आणि तासाचं मीटर मात्र सुरू. बॉल चुकला की दोष क्यूचा, बॉल गेला की कमाल आपली.

मग चहाच्या टपरीवर वाद रंगतो. स्वतःचा क्यू घ्यायचा, पण कोणता? कोणी रायली म्हणतो, कोणी पेराडॉन. कोणाच्या चुलत भावाने पुण्याहून मेपलचा पूल क्यू आणलेला असतो, त्याचं टोक जाड, १२-१३ मिलिमीटरचं. स्नूकरचा क्यू ॲशचा, टोक साडेनऊ-दहा मिलिमीटरचं, बारीक. जाड टोकाने मोठा बॉल दणकून जातो, ब्रेकला मजा येते. बारीक टोकाने बॉलच्या नेमक्या कोणत्या बिंदूला आपण लागलो ते हाताला कळतं. मेपल गुळगुळीत, ॲशला रेषा असतात, त्या बोटांना जाणवतात. कारखान्यातला क्यू म्हणजे कमअस्सल, असं काही पोट्टे छातीठोक सांगतात. त्यांना स्टीफन हेंड्री ऐकवायचा. सात वेळा स्नूकरचा जगज्जेता झालेला हा माणूस लहानपणी मिळालेल्या, रेक्स विल्यम्सच्या नावाच्या साध्या कारखानी क्यूनेच खेळत राहिला. २००३ मध्ये विमानप्रवासात तो मोडला, तेव्हा हळहळलं सगळं स्नूकर जग.

हेंड्री, मग पंकज अडवाणी. वाद तिथे संपतो. अडवाणीचा जन्म पुण्याचा, हे सांगितलं की पोट्टे खूश होतात. पण त्याच पुण्यात २ मे १९२२ रोजी जन्मलेल्या विल्सन जोन्सचं नाव काढलं, तर समोरचा क्रिकेटरच समजतो. वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता हा माणूस. त्याच्या आधी हॉकीची सुवर्णपदकं होती, पण ती संघाची. आपल्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं पदक ब्राँझ होतं. एकट्याने जगात पहिलं यायचं काम जोन्सने केलं, १९५८ साली, बिलियर्ड्सच्या टेबलावर.

जोन्स अँग्लो-इंडियन कुटुंबातला. बिलियर्ड्स तेव्हा साहेबाचा खेळ. लष्करी मेस, जिमखाने, क्लब, फार तर शहरातली एखादी सलून. आपल्या भागाचंही यात थोडं नातं आहे बरं का. १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवून स्नूकर नावाचा खेळ काढला. तेव्हा जबलपूर आणि आपला चांदा एकाच मध्य प्रांतात होते. म्हणजे स्नूकर प्रांतातल्या प्रांतात जन्मलं, आपल्याकडे पोचायला मात्र शंभरावर वर्षं लागली.

१९४७ नंतर अँग्लो-इंडियन घरांमधून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या बोटी भरून गेल्या. नातेवाईक गेले, शेजारी गेले, क्लबात पार्टनर उरले नाहीत. जोन्स राहिला. मुंबई त्याचं गाव झालं. खेळ हौशी, म्हणजे त्यावर पैसा कमवायचा नाही असा नियमच. नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात टेबल गाठायचं. १९५० मध्ये तो पहिल्यांदा राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेता झाला. १९६६ पर्यंत हे विजेतेपद त्याने बारा वेळा घेतलं. स्नूकरचं राष्ट्रीय विजेतेपदही पाच वेळा.

बिलियर्ड्स म्हणजे आपला पूल नाही. बॉल तीनच, एक लाल आणि दोघांचा एकेक. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद, कापडाखाली स्लेटची फरशी. आपल्या बॉलने उरलेल्या दोघांना लागायचं, तो कॅनन, दोन गुण. लाल बॉल भोकात घातला तर तीन. आपलाच बॉल लालला लागून भोकात गेला, तो इन-ऑफ, त्याचेही तीन. पूलमध्ये बॉल गेला की विषय संपतो. इथे खरा विषय पुढचा असतो, की शॉट झाल्यावर तिन्ही बॉल कुठे थांबतील? लांब गेले की ब्रेक संपला. जवळ राहिले तर तासभर समोरचा खुर्चीत बसून छत बघतो. म्हणून या खेळात जोर कमी आणि हात जास्त. फुंकर घालावी तितका धक्का द्यायचा, तोही अगदी तेवढाच, पुन्हा पुन्हा.

आणि इथेच क्यूचा संबंध येतो. जोन्सच्या काळात चांगले क्यू इंग्लंडच्या कारखान्यांतून यायचे. ॲशची एकसंध काठी, मधून उघडणारी नाही, टिनच्या लांब नळकांड्यात घालून न्यायची. बुंध्यावर एखाद्या बड्या खेळाडूच्या नावाची पट्टी. जो डेव्हिसच्या नावाचा, किंवा वॉल्टर लिंड्रमच्या ४१३७ च्या ब्रेकची जाहिरात मिरवणारा. लिंड्रमने १९३२ मध्ये लंडनला तो ब्रेक केला आणि पट्टीवर आकडाच छापला गेला. आज बॅटवर सही असते, तसंच. पट्टीने कोणाचा खेळ सुधारल्याचं ऐकिवात नाही. सुधारला तो टोकावरच्या चामड्याने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगो नावाच्या फ्रेंच कॅप्टनने ती चामड्याची टिप रूढ केली, तेव्हा कुठे बॉलला फिरकी देता येऊ लागली. माझं मत विचाराल तर पाच हजारांच्या क्यूवर खराब टिप असण्यापेक्षा पाचशेच्या सरळ काठीवर नीट घासलेली टिप कधीही बरी.

बुंधा मात्र काळ्या लाकडाचा, आबनुसाचा. जड असतो, त्यामुळे तोल मागे राहतो. आता गंमत बघा. गडचिरोलीत ज्या तेंदूची पानं मे महिन्याच्या उन्हात खुडून पुडे फळीवर जातात, तो याच आबनुसाच्या कुळातला. जुन्या तेंदूचा गाभा काळाकुट्ट निघतो. इंग्रजीत त्याला कोरोमंडल एबनी म्हणतात. आपल्याकडे पान विडीला आणि टेंभरं पोरांना, एवढाच त्याचा हिशोब. मी हौसेने घेतलेल्या पहिल्या क्यूचा ‘एबनी’ बुंधा निव्वळ काळा रंग निघाला, पहिल्याच उन्हाळ्यात तळहातावर उतरला. आणि एक, चंद्रपूरच्या उन्हात क्यू गाडीत ठेवू नका. भिंतीला तिरपाही टेकवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मग कितीही गडगडवा, नाचणारच.

असो, जोन्सकडे येऊ. १९५१ मध्ये तो लंडनला जागतिक हौशी स्पर्धा खेळला. विजेता झाला ऑस्ट्रेलियाचा बॉब मार्शल. पुढच्या वर्षी स्पर्धा कोलकात्यात, आपल्याच घरी. तिथेही विजेतेपद इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफिल्डला. देशात सतत जिंकणाऱ्या माणसाला जगात गेल्यावर आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. तेव्हा ना यूट्यूब, ना कोच, ना प्रायोजक. समोरच्याला खेळताना खुर्चीत बसून पाहायचं, तीच शिकवणी. तो पुन्हा टेबलाकडे गेला.

१९५८ मध्ये स्पर्धा परत कोलकात्यात आली आणि या वेळी विल्सन जोन्स जिंकला. वय ३६. त्याच वर्षी कार्डिफला मिल्खा सिंगने राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं होतं. मिल्खा सिंग घराघरात पोचला, त्याच्यावर सिनेमाही निघाला. बंद खोलीत दिव्याखाली, टाळी वाजवायलाही शॉट संपायची वाट बघावी लागते अशा खेळातला माणूस तेवढा कसा पोचणार?

पुढे १९६० आणि १९६२ ला विजेतेपद दुसरीकडे गेलं. चाळिशी उलटली. अशा वयात बहुतेकांची गादी तरुण खेळाडू घेतात. १९६४ मध्ये न्यूझीलंडच्या पुकेकोहे या छोट्या गावात ४२ वर्षांच्या जोन्सने ती परत मिळवली, तीही परक्या टेबलांवर आणि परक्या प्रेक्षकांपुढे. कोलकात्याचा विजय मोठा म्हणून सांगतात. मला हा जास्त मोठा वाटतो. त्याच १९६४ मध्ये आपल्या चांद्याचं नाव चंद्रपूर झालं. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला अजून १८ वर्षं होती.

अर्जुन पुरस्कार मिळाला, १९६५ मध्ये पद्मश्री. मग त्याने स्पर्धा सोडल्या आणि शिकवायला लागला. भारतीय खेळाडू बिलियर्ड्समध्ये जग जिंकू शकतो हे एकदा दिसल्यावर पुढचे आले. मुंबईचा मायकेल फरेरा १९७७ मध्ये जागतिक हौशी विजेता झाला, १९८५ मध्ये गीत सेठी. शिकवण्यासाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार जोन्सला १९९६ मध्ये मिळाला, तेव्हा त्याचं वय ७४ होतं. सरकारी फाईलही कधीकधी बिलियर्ड्ससारखीच सरकते.

ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत त्याचं निधन झालं. चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बिलियर्ड्सच्या दालनाला त्याचं नाव आहे. क्रिकेटच्या क्लबात, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात, एका क्यूवाल्याचं नाव. अशा दालनाचा एक रिवाज असतो. आत शॉट सुरू असेल तर येणारा दारातच थांबतो, आणि बॉल थांबेपर्यंत कोणी पाऊल टाकत नाही.